डिझेल गाडीचं ऑइल लगेच काळं का पडतं आणि ते बघायचं कसं: पहिल्यांदाच डिझेल घेणाऱ्यांसाठी

पहिली डिझेल गाडी घेतली की एक धक्का जवळपास प्रत्येकाला बसतो. सर्विसिंग होऊन चार दिवस झालेले असतात, कुणीतरी सांगितलेलं असतं की अधनंमधनं ऑइल चेक करत जा, म्हणून बॉनेट उघडून डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) ओढावी तर टोकाला काळंकुट्ट शाईसारखं ऑइल. नवीन ऑइल घालून चारच दिवस झालेत आणि हे असं कसं, म्हणजे नक्कीच बदललेलं नाही, असं वाटतंच. मलाही वाटलं होतं. आधी पेट्रोल गाडी होती, तिचं ऑइल दोन-तीन हजार किलोमीटरपर्यंत सोनेरी-तपकिरी राहायचं, त्यामुळे मी तडक गॅरेजला गेलो, वाद घातला, मेकॅनिक एवढंच म्हणाला की "साहेब, डिझेल आहे, काळं होणारच." पण का होणार ते काही त्याने सांगितलं नाही आणि मला काही ते पटलं नाही. मी दुसरीकडे जाऊन दीड हजार किलोमीटरला परत ऑइल बदललं. ते पण आठवड्यात काळं.

त्यानंतर मी पुढचं ऑइल स्वतः बदललं, जुनं पूर्ण निथळेपर्यंत थांबलो, नवीन फिल्टर लावला, मधासारखं स्वच्छ ऑइल माझ्या हातानं ओतलं, गाडी दहा मिनिटं आयडलिंगला ठेवली, बंद केली, थोडं थांबून डिपस्टिक काढली. धुरकट झालेलं होतं. दोनशे किलोमीटरला पूर्ण काळं. म्हणजे कुणी फसवलं नव्हतं, आणि तेव्हा कळलं की रंगाकडे बघून डिझेलच्या ऑइलबद्दल काहीच ठरवता येत नाही. मग कशाकडे बघायचं ते खाली क्रमानं लिहितोय.

आधी काय काय जवळ ठेवायचं ते सांगतो. गाडीचं मॅन्युअल (छापील नसेल तर मोबाइलमध्ये तरी), मागच्या सर्विसिंगचं बिल ज्यावर ऑइलचा ग्रेड आणि किलोमीटर लिहिलेत, ऑइलच्या कॅनच्या मागच्या लेबलचा फोटो, धागे न सुटणारं स्वच्छ फडकं, पांढरा टिपकागद किंवा कॉफी गाळायचा कागद, हातमोजे आणि एक छोटी वही. वही का ते शेवटी येईल.

१. काळं होतं म्हणजे नेमकं काय होतं

दिव्याची वात जास्त वर केली की काच काळी होते हे सगळ्यांनी बघितलंय. तिथे ज्योतीला जितकी हवा हवी तितकी मिळत नाही, मग तेल पूर्ण जळत नाही आणि कार्बनचे बारीक कण म्हणजे काजळी तयार होते. डिझेल इंजिनात अगदी हेच घडतं.

साध्या पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आधीच मिसळून सिलिंडरमध्ये येतं आणि मग ठिणगी पडते. डिझेलमध्ये ठिणगी नसते. आधी फक्त हवा दाबली जाते, दाबून ती प्रचंड तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. आता हा फवारा कॉमनरेलमध्ये (हल्लीच्या डिझेल गाड्यांतली जास्त दाबाने डिझेल मारायची पद्धत) दीड-दोन हजार बारच्या दाबाने मारला तरी फवाऱ्याच्या आतल्या भागात हवा पोचायच्या आधीच जळणं सुरू झालेलं असतं, म्हणजे सिलिंडरमध्ये एकूण हवा भरपूर असली तरी फवाऱ्याच्या पोटात ती कमी पडते. तिथे काजळी बनते. त्यातली बरीचशी पुढच्या काही क्षणांत जळून जाते, उरलेल्यातली बरीच सायलेन्सरकडे जाते, पण थोडी सिलिंडरच्या भिंतीवर असलेल्या ऑइलच्या पातळ थराला चिकटते. पिस्टनच्या रिंगा तो थर खरवडून खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं ती जागा) नेतात. शिवाय रिंगांच्या फटीतनं थोडा गॅस खाली निसटतच असतो (ब्लोबाय म्हणतात त्याला), त्याच्याबरोबरही काजळी खाली येते. नव्याकोऱ्या इंजिनातही हे होतं, त्यात बिघाड काही नाही.

त्यात भर म्हणजे ईजीआर. नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी सायलेन्सरकडे चाललेला थोडा धूर परत इंजिनात सोडतात, त्याने जळण्याचं तापमान उतरतं आणि ते प्रदूषण कमी होतं, पण काजळी वाढते. म्हणजे हवा स्वच्छ ठेवण्याच्या नादात थोडा भार ऑइलवर येतो.

आता मुख्य गोष्ट. काजळी ऑइलमध्ये आली तरी ती तळाला गाळ बनून बसू नये म्हणून ऑइलमध्ये डिटर्जंट आणि डिस्पर्संट नावाची रसायनं घातलेली असतात. डिटर्जंट धातूवर घाण चिकटू देत नाही आणि ॲसिड मारतं, डिस्पर्संट काजळीच्या प्रत्येक कणाला जणू वेढून धरतं म्हणजे कण एकमेकांना चिकटून मोठे होत नाहीत आणि ऑइलभर तरंगत राहतात. १९३० च्या दशकात डिझेल ट्रॅक्टरमध्ये साधं तेल वापरून पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटून बसायला लागल्या तेव्हापासून ही डिटर्जंटवाली ऑइलं आली, म्हणजे मुळात ती डिझेलसाठीच आली. तर ऑइल काळं दिसतं कारण काजळी त्याने स्वतःच्या अंगावर घेतलीय. ती ऑइलमध्ये दिसतेय म्हणजे पिस्टनवर आणि ऑइलच्या वाटांमध्ये थापली गेलेली नाही. मला हे कळलं तेव्हा काळ्या डिपस्टिककडे बघायची नजरच बदलली.

२. मग फिल्टर कशाला असतो

हा प्रश्न मला स्वतःला बरेच दिवस छळत होता. उत्तर आकारात आहे. काजळीचा मूळ कण साधारण २० ते ५० नॅनोमीटरचा, असे बरेच कण मिळून गुच्छ झाला तरी तो शे-दोनशे नॅनोमीटरच्या घरात. ऑइल फिल्टर पकडतो ते साधारण १० ते ३० मायक्रॉनच्या पुढचं, आणि १ मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर. म्हणजे कोळ्याच्या जाळ्यातनं पिठी जावी तशी काजळी फिल्टरमधनं आरपार जाते. फिल्टर आहे तो धातूचा चुरा, धूळ, गाळाचे तुकडे यांच्यासाठी. त्यामुळे महागातला फिल्टर लावला की ऑइल काळं होणार नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आणि नवीन ऑइल इतक्या लगेच का काळं होतं, तर ड्रेन नट काढल्यावर सगळं जुनं ऑइल कधीच बाहेर येत नाही. ऑइल कूलर, टर्बोच्या नळ्या, हेडमधले खड्डे, सगळीकडे मिळून काही शे मिलीलिटर मागे राहतंच. कार्बन इतका गडद असतो की अगदी थोडी काजळी मिसळली तरी पूर्ण ऑइल अपारदर्शक होतं, आणि मागे राहिलेल्या ऑइलमध्ये तर ती भरपूर असते. म्हणून दहा मिनिटांत नवीन ऑइल काळपट दिसायला लागतं.

३. डिपस्टिक नीट बघायची पद्धत

गाडी सपाट जागेवर. इंजिन गरम करून बंद करा आणि ५ ते १० मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल खाली उतरेल. काही गाड्यांत थंड इंजिनावर बघायला सांगितलेलं असतं, तिथे मॅन्युअलचं ऐका, आणि काही नवीन गाड्यांत डिपस्टिकच नसते, स्क्रीनवर लेव्हल येते. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा, आडवी धरा. पहिल्यांदा काढलेल्या रीडिंगवर विश्वास नको कारण नळीच्या कडेचं ऑइल लागलेलं असतं. लेव्हल दोन खुणांच्या मध्ये किंवा वरच्या खुणेजवळ हवी. बऱ्याच गाड्यांत खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण एक लिटर बसतं, तेव्हा थोडं कमी दिसलं म्हणून अख्खा लिटर ओतू नका, पाव-पाव लिटर घालून बघा.

काळं ऑइल स्टीलवर खरं तर छान दिसतं, कड स्पष्ट असते. नवीन पारदर्शक ऑइलची लेव्हलच उलट नीट दिसत नाही.

४. रंग सोडून या गोष्टी बघा

लेव्हल वाढतेय का. ऑइल कमी होणं सगळ्यांना कळतं, पण वाढणं जास्त धोक्याचं असू शकतं आणि नवीन माणसाला ते लक्षातच येत नाही, उलट बरं वाटतं की गाडी ऑइल खात नाही. डीपीएफ (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धुरातली काजळी पकडणारा फिल्टर) असलेल्या गाडीत काजळी त्या फिल्टरमध्ये साठते आणि मग ती जाळायला सायलेन्सरमध्ये ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. ते आणायला बऱ्याच गाड्या उशिराने थोडं जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्ये मारतात. त्यातलं काही भिंतीवर बसतं आणि रिंगांबरोबर चेंबरमध्ये उतरतं. हे जाळणं एकदा सुरू झालं की साधारण १० ते २० मिनिटं सलग चालावं लागतं, आणि तुमचं रोजचं रनिंग दोन-चार किलोमीटरचं असेल तर ते दर वेळी अर्ध्यात तुटतं, परत सुरू होतं, परत तुटतं, आणि दर वेळी थोडं डिझेल ऑइलमध्ये. पेट्रोल ऑइलमधनं गरमीने बऱ्यापैकी उडून जातं, डिझेल सहज उडत नाही. ऑइल पातळ होतं, बेअरिंगवर जो थर टिकायला हवा तो टिकत नाही. आणि लेव्हल खूपच वर गेली तर ऑइल ब्रीदरमधनं (चेंबरमधला गॅस बाहेर काढायची नळी) इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेत, ओढलं जाऊन इंजिन त्या ऑइलवरच पळत सुटू शकतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. तेव्हा वरच्या खुणेच्या वर गेलेली लेव्हल दिसली आणि तुम्ही ऑइल घातलेलं नसेल तर वाट बघू नका, बदला.

वास. डिपस्टिक नाकाजवळ नेऊन बघा. जळकट वास असतोच, पण डिझेलचा स्पष्ट वास येत असेल तर वरचंच कारण, किंवा एखादा इंजेक्टर गळतोय.

दुधाळपणा. काळं चालेल, करडं-पांढरट दुधाळ अजिबात नाही. तो पाण्याचा किंवा कूलंटचा पुरावा आहे. इथे एक घोळ होतो, थंड दमट हवेत जवळजवळच फिरणाऱ्या गाडीच्या ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस दिसतो, तो बाष्पाचा असतो, लांबचा फेरा मारला की जातो. पण डिपस्टिकवरच दुधाळ असेल आणि कूलंटची लेव्हलही उतरलेली असेल तर गाडी चालू करू नका, हेड गॅसकेट किंवा ऑइल कूलर बघून घ्या.

चमक. ऑइलचा थेंब पांढऱ्या कागदावर घेऊन उन्हात तिरका धरा. सोनेरी-चंदेरी कणकण चमकले तर बेअरिंग झिजतंय. हे काळ्या ऑइलमध्ये बोटावर दिसत नाही, कागदावर दिसतं.

घट्टपणा. बोटांत चोळून बघतात सगळे, मीही बघायचो, पण बोटाला फारसं काही कळत नाही. कचकच लागली तर धूळ-कण आहेत एवढं नक्की. बाकी पातळ-जाड ठरवायला बोट कच्चं पडतं.

५. टिपकागदावरचा थेंब

हे मला सगळ्यात जास्त आवडतं कारण डोळ्यांनी दिसतं. गरम इंजिनाच्या डिपस्टिकवरचा एक थेंब टिपकागदावर पाडा आणि कागद आडवा, खालून कुठे टेकणार नाही असा, रात्रभर ठेवा. सकाळी बघा. ऑइल चांगलं असेल तर काळेपणा मधनं कडेकडे हळूहळू फिकट होत पसरलेला दिसतो, म्हणजे डिस्पर्संट अजून काजळी सुटी सुटी धरून आहे आणि ती तेलाबरोबर प्रवास करतेय. ऑइल थकलेलं असेल तर मध्ये दाट काळा ठिपका, त्याची कड कापल्यासारखी, आणि बाहेर नुसतं पिवळट तेल पसरलेलं. याचा अर्थ काजळीचे गुच्छ झालेत आणि ते जागेवरच बसलेत. सगळ्यात बाहेर वेगळं फिकट कडं खूप लांब पसरलं तर ऑइलमध्ये डिझेल असण्याची शंका घ्या.

मी नवीन ऑइल घातल्यावर ५०० किलोमीटरला एक थेंब आणि मग दर दोन-अडीच हजाराला एक असे एकाच कागदावर शेजारी शेजारी पाडत गेलो. ५०० चा थेंबसुद्धा काळाच आहे, पण त्याची कड शोधावी लागते इतकी विरघळलेली. पुढच्या थेंबांत मधला भाग गडद होत गेला. दोन्ही काळे, पण दोन्ही वेगळे. एकच थेंब बघून मात्र निष्कर्ष काढू नका, तुलना हवी. अगदी खात्री हवी असेल तर वापरलेल्या ऑइलची लॅब टेस्ट होते, त्यात काजळीचं प्रमाण, डिझेल किती मिसळलंय, जाडी आणि लोखंड-तांबं किती सगळं आकड्यांत येतं. लांब पल्ल्याच्या मोठ्या गाड्यांचे मालक ती करतात, घरच्या गाडीला दर वेळी गरज नाही.

६. बदलायचं कधी

मॅन्युअलमधले किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते. बस. पण मॅन्युअलमध्येच अवघड वापराचं वेगळं कोष्टक असतं आणि ते कुणी वाचत नाही. छोटे छोटे फेरे, तासन् तास आयडलिंग, धुळीचा रस्ता, मागे ट्रेलर ओढून नेणं किंवा सतत भरलेली गाडी, यातलं काही तुमचं रोजचं असेल तर तुमच्यासाठी कमी किलोमीटरवालं कोष्टक आहे. ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत पण काजळी वाढतच असते.

कारण काजळी निरुपद्रवी नाही, हे पण स्पष्ट सांगायला हवं. सुटी आहे तोवर ठीक. डिस्पर्संट संपलं की कण एकत्र येतात, ऑइल जाड होतं, थंडीत वर चढायला उशीर करतं, कॅम, रॉकर आणि टायमिंग चेन झिजवतं. बाहेरनं रंग मात्र तोच काळा.

७. ऑइल निवडताना

ग्रेड (५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४० वगैरे) फक्त जाडी सांगतो. त्याच्याखाली बारीक अक्षरात जे स्पेसिफिकेशन असतं ते जास्त महत्त्वाचं. डीपीएफ असलेल्या कारला शक्यतो एसीईएचं (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) सी गटातलं (सी२, सी३ असं) कमी राखेचं ऑइल सांगितलेलं असतं, कारण ऑइलमधल्या धातूच्या रसायनांची राख डीपीएफमध्ये साठते आणि ती काजळीसारखी जळून जात नाही. मॅन्युअलमध्ये छापलेलं स्पेसिफिकेशन आणि कॅनवरचं तंतोतंत जुळवा, दुकानदार "त्याच्यासारखंच आहे" म्हणाला तरी. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच भिजत फिरतो, तिथे चुकीचं ऑइल बेल्टच खराब करतं.

८. बदलताना

कोमट इंजिनावर ड्रेन करा, निथळू द्या, पंधरा-वीस मिनिटं तरी. ड्रेन नटचा वायसर नवीन. फिल्टरच्या रबराला थोडं ऑइल चोळून बसवा. स्वतः करत असाल तर नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, स्टँड लावा. हातमोजे घालाच, वापरलेलं ऑइल कातडीला वारंवार लागणं घातक आहे, आणि काजळीचा काळेपणा नखांतनं आठवडाभर जात नाही ते वेगळंच. गॅरेजमध्ये करत असाल तर भांडण नको, फक्त समोर थांबा, कॅनचं सील समोर फोडायला सांगा, जुना फिल्टर बघा. खात्री पटवायचा मार्ग हाच आहे, चार दिवसांनी रंग बघणं नाही.

जुनं ऑइल मातीत किंवा गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून जिथे गोळा करतात तिथे द्या.

९. जिथे लोक फसतात

डिपस्टिक दाखवून "बघा किती काळं झालंय" म्हणत मुदतीआधी ऑइल बदलायला लावणं ही सगळ्यात नेहमीची गोष्ट. मलाही एका ठिकाणी असंच सांगितलं होतं, बदलून तीन हजार किलोमीटरही झाले नव्हते. अशा वेळी किलोमीटर आणि तारीख सांगा आणि लेव्हल, वास, दुधाळपणा यातलं काय बिघडलंय ते विचारा.

याच्या बरोबर उलटी चूक जास्त महागात जाते, ती म्हणजे "डिझेलचं काळं असतंच" म्हणून वर्षानुवर्षं न बदलणं.

फ्लशिंग. आतनं साफ करून देतो, मग ऑइल काळं होणार नाही, असं सांगतात. होणारच, कारण काजळी रोज नवीन बनते. आणि जुन्या दुर्लक्षित इंजिनात फ्लशने गाळाचा तुकडा सुटून चेंबरमधल्या जाळीत अडकला तर ऑइल वर चढणंच बंद होतं. डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन फिरवणं तर अजिबात नको, मागे राहिलेलं नवीन ऑइलला पातळ करतं.

१०. वही

दर महिन्याला एक ओळ: तारीख, किलोमीटर, लेव्हल खुणेपासून किती खाली किंवा वर, वास, कूलंट. एक मिनिटाचं काम आहे. आत्ताच्या गाडीला डीपीएफ आहे आणि मध्ये काही महिने तिचं रनिंग रोजचं तीन किलोमीटर जायचं आणि तीन यायचं असं झालं होतं. डिपस्टिक काळी होती, नेहमीसारखीच, नुसतं बघून काही कळलं नसतं. पण वहीत आधी "वरच्या खुणेच्या ४ मिमी खाली" होतं, पुढच्या महिन्यात "खुणेवर", त्याच्या पुढच्या महिन्यात "खुणेच्या ५ मिमी वर, डिझेलचा वास". त्याच आठवड्यात ऑइल बदललं, आणि तेव्हापासून दर आठवड्याला एकदा तरी मोकळ्या रस्त्याने अर्धा-पाऊण तास सलग गाडी नेतो. त्यानंतरच्या सगळ्या ओळींत लेव्हल खुणेच्या खालीच आहे, आणि रंगाचा रकाना मी पहिल्यापासून ठेवलेलाच नाही.